जुन्या येझदीत रंगाआधी इंजिन

बरीच वर्षे बंद पडलेल्या येझदी मोटारसायकलचे काम रंग आणि क्रोमपासून सुरू करावे, असे काहीजण सुचवतात. माझे मत नेमके उलट आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या बंद कप्प्यात) येते व मगच सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याची) गळती रोखणारी रबरी ऑइल सील कडक होऊन भेगाळली असतील, तर तिथून जादा हवा आत ओढली जाते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन अवाजवी तापते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. क्लचच्या बाजूचे सील गेले असल्यास गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाऊन सायलेन्सरमधून न थांबणारा दाट पांढरा धूर येतो, आणि मेकॅनिक मात्र पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या बिचाऱ्या कार्ब्युरेटरलाच दोष देत बसतात.

टाकीचा गंजही आतून आधीच काढावा, कारण त्यासाठी वापरलेले आम्ल ओघळल्यास नवा रंग खराब होतो. जुने सुटे भाग मात्र, नवे मापाला बरोबर बसेपर्यंत, भंगारात देऊ नयेत.