मदत हवी आहे : ट्रायलमधले रुग्ण फॉलोअपला टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका रुग्णालयात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या क्लिनिकल ट्रायलची (रुग्णांवर उपचाराची चाचणी) कोऑर्डिनेटर आहे. विदर्भात हा आजार बराच आढळतो, म्हणजे रुग्ण शोधायला अडचण नाही. अडचण पुढची आहे.

माहितीपत्रक वाचून दाखवलं की पहिला प्रश्न येतो, "आमच्यावर प्रयोग करून राहिले का जी?" प्रश्न रास्तच आहे. मी बसून समजावते: केव्हाही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, ट्रायलमुळे इजा झाली तर क्लिनिकल ट्रायलसाठीच्या २०१९च्या सरकारी नियमांनुसार मोफत उपचार मिळतात. संमतीचा व्हिडिओ काढायचा म्हटलं की मात्र काही बायका उठूनच जातात. बहुतेकदा निर्णय सासरा किंवा नवरा घेतो, आणि तो सोबत आलेला नसतो.

जे येतात, ते तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून गळतात. गडचिरोली, गोंदियाहून यायचं म्हणजे पूर्ण दिवस आणि मजुरी जाते. प्रवासखर्च आम्ही देतो, बुडालेल्या रोजीचं काय? रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत तर फोनही उचलत नाहीत. दुखणं थांबलं की "आता बरं आहे ना, कशाला यायचं?" यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

कुणी रक्ताचे नमुने गावाजवळच्या आरोग्य केंद्रात घ्यायची सोय केली आहे का? आशाताईंना सोबत घेताना गावात दबाव वाटू नये म्हणून काय काळजी घेतलीत? बुडालेल्या मजुरीची भरपाई एथिक्स कमिटीपुढे (ट्रायलमध्ये रुग्णांचं हित जपलं जातंय का ते पाहणारी समिती) कशी मांडलीत? प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.