मुंबईच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा इतिहास कोणापासून मोजावा?

गिरगावकर : प्रेस्बिटेरियन म्हणजे निवडलेल्या वडीलजनांच्या सभेमार्फत चालणारा प्रोटेस्टंट पंथ, आणि मंडळी म्हणजे त्याच्या उपासकांचा समुदाय. या मंडळीच्या गिरगावातील आंब्रोली चर्चविषयी लिहिणारे बहुतेक जण जॉन विल्सन यांच्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले आणि १८३१ मध्ये त्यांनी मंडळी स्थापन केली, हे मान्यच आहे. परंतु १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात गेले आणि आपल्याला विल्सन यांच्याकडेच राहायचे आहे हे त्याला साऱ्या समाजाचा रोष पत्करून सांगावे लागले. मंडळीला खरा पाया अशा माणसांनी दिला, म्हणून संस्थापकांत त्यांचेच नाव आधी यावे, असे माझे ठाम मत आहे.

पुणेकर वाचक : आपला आदर राखून असहमती नोंदवतो. त्याच खटल्यानंतर पारशी पालकांनी आपली मुले विल्सन यांच्या शाळेतून काढून घेतली, तरी विल्सन डगमगले नाहीत. १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च दुभंगले, तेव्हा त्यातून फुटून निघालेल्या फ्री चर्चची बाजू घेतल्यामुळे शाळेची इमारत आणि ग्रंथसंग्रह त्यांच्या हातून गेला आणि सारे पुन्हा उभे करावे लागले. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी मुलींसाठी काढलेल्या शाळा तर १८३५ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावरही चालू राहिल्या. धनजीभाईंना १८४६ मध्ये पाळकपदाची, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूपदाची, दीक्षा मिळाली, तीही याच चर्चच्या व्यवस्थेतून. श्रद्धा धनजीभाईंची स्वतःची होती, याबद्दल वाद नाही. पण संस्थापक हा शब्द ज्याने संस्था उभारली त्यालाच लागू होतो.

जालन्याचा वाचक : आपण दोघेही मुंबई सोडायला तयार नाही! १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवले. तिथे प्रामुख्याने महार आणि मांग कुटुंबे राहायला आली. या मंडळीने स्वतःच्या बळावर केलेले याहून मोठे काम मला तरी दिसत नाही. मात्र नारायणरावांचे चरित्र लिहिले जाते आणि ज्यांनी तिथे घरे बांधली, त्यांची नावे कोणी विचारत नाही.

पुणेकर वाचक : बेथेलचे महत्त्व मी मानतो. पण ते गाव वसवणारे पाळक विल्सन यांच्याच शाळेत घडले.

गिरगावकर : शाळा विल्सन यांची होती, निर्णय मात्र विद्यार्थ्यांचा होता. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत याच मिशनमध्ये गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा विरोध पत्करून त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी झुंज दिली. एकाच घरातले दोन भाऊ एकाच शाळेत शिकून दोन वाटांनी गेले, तेव्हा केवळ शाळेचे श्रेय मोजून हा इतिहास कसा पुरा होईल, हे आपणच सांगावे.