‘अश्व’ आणि ‘हिप्पोस’ खरोखर एकाच मुळाचे आहेत काय?

प्रश्न
संस्कृत ‘अश्व’, अवेस्ती (पारशी धर्मग्रंथांची प्राचीन इराणी भाषा) ‘अस्प’, लॅटिन ‘एक्वुस’ आणि ग्रीक ‘हिप्पोस’ हे सारे एकाच आद्य भारोपीय शब्दापासून, म्हणजे या साऱ्या भाषांच्या अनुमानित मूळ भाषेतील शब्दापासून, आले, असे सर्वत्र वाचावयास मिळते. पहिल्या तिघांतले साम्य कानाला पटते. ‘हिप्पोस’ त्या पंक्तीत कसा बसतो? आणि ‘अश्व’ इतका जुना असताना आपण बोलताना ‘घोडा’ का म्हणतो?

प्रतिसाद १
कानाला पटणे ही येथे भरवशाची कसोटी नव्हे. पाहायची ती ध्वनिबदलाची नियमितता. लॅटिन ‘देकेम’ आणि संस्कृत ‘दश’ या जोडीत ‘क’च्या जागी ‘श’ दिसतो, तर संस्कृत ‘श्व’च्या जागी इराणी शाखेत ‘स्प’ येतो, आणि त्याचा पुरावा आपल्या तोंडी रोजच असतो, कारण ‘श्वेत’ आपल्याला संस्कृतातून मिळाला व त्याचाच भाऊबंद ‘सफेद’ फारसीतून. ‘हिप्पोस’मधला ‘प्प’ही जुन्या ‘क्व’पासूनच आला आहे, मायसीनी काळातील, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातील, मातीच्या पाट्यांवर हा शब्द ‘इ-क्वो’ असा लिहिलेला आढळतो. खरी अडचण आरंभीच्या ‘हि’ची. ‘ए’ अपेक्षित असताना ‘इ’ का आला, याचे सर्वमान्य उत्तर नाही. हकार मात्र ‘हिप्पोस’पासूनच बनलेल्या ‘लेउकिप्पोस’ या विशेषनामात उमटलेला नसल्याने (तो असता तर ‘क’चा ‘ख’ झाला असता) मागाहून चिकटला असावा.

प्रतिसाद २
‘घोडा’ हा ‘घोटक’वरून आला, पण ‘घोटक’ ऋग्वेदात नाही आणि त्याचे मूळ भारोपीय असण्याबद्दलच शंका आहे. कन्नड ‘कुदुरे’, तमिळ ‘कुदिरै’ यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. जुन्या शब्दाची अशी उचलबांगडी अन्यत्रही झाली. फ्रेंच ‘शव्हाल’ आणि स्पॅनिश ‘काबायो’ हे ‘काबाल्लुस’ या बोली लॅटिनमधल्या शब्दाचे वंशज आहेत. ‘एक्वुस’चे केवळ स्त्रीलिंगी रूप स्पॅनिशमध्ये ‘येग्वा’, म्हणजे घोडी, असे टिकले. मराठीतही जुना शब्द लपलेला आहे: ‘स्वार’ हे प्राचीन फारसीतील ‘असबार’चे, म्हणजे घोड्याने वाहिलेल्याचे, झिजलेले रूप होय, तेव्हा ‘घोडेस्वार’ म्हणताना आपण घोडा दोनदा उच्चारतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग ‘अश्व’ म्हणजे ‘आशु’, शीघ्र धावणारा, ही व्युत्पत्ती ग्राह्य धरावी काय?

प्रतिसाद १
अर्थ जुळतो, ‘आशु’ला ग्रीक ‘ओकुस’ असा नियमित जोडीदारही आहे, आणि पुष्कळ अभ्यासक तो संबंध मानतात. माझा आक्षेप एवढाच, की ‘आशु’तला दीर्घ स्वर आणि ‘अश्व’तला ऱ्हस्व स्वर यांचा मेळ घालण्यासाठी कोणत्याही भाषेत न सापडलेली एक मधली पायरी कल्पावी लागते.