पेटी विकायचा का ठेवायचा? १ जुलै २०२५ जवळ आलाय

निळी_जर्सी

मंडळी, सरळच विचारतो. आपल्या व्हँकुव्हर कॅनक्सच्या (एनएचएल, आइस हॉकी) एलियास पेटरसनला, म्हणजे पेटीला, १ जुलैच्या आत ट्रेड करावं का, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काही घ्यावं का? त्या दिवशी त्याचा नो-मूव्ह क्लॉज लागू होतो, म्हणजे नंतर तो हो म्हणाला तरच कुठे पाठवता येणार.

मी इतकी वर्षं त्याची बाजू घेत आलोय, घरच्यांशी पण भांडलोय त्याच्यावरून, पण आता माझ्याकडेच मुद्दे संपलेत. २०२२-२३ ला १०२ पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट), पुढच्या सीझनला ८९, मार्च २०२४ मध्ये आपण त्याला ८ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं वर्षाला १ कोटी १६ लाख डॉलरचं, आणि सही केली तिथपासून गाडी जी उताराला लागली ती लागलीच. त्या वर्षी प्लेऑफमध्ये १३ मॅचमध्ये १ गोल. एक! एडमंटनविरुद्धची सातवी मॅच आपण ३-२ ने हरलो, शेवटी शेवटी गार्लंड आणि ह्रोनेकने गोल मारून जीव टांगणीला लावला होता, पण त्या अख्ख्या मॅचमधला पेटीचा एक क्षण आठवून सांगा म्हटलं तर मला सांगता येत नाही. मग यंदा ६४ मॅच, ४५ पॉइंट्स, १५ गोल, आणि टीम प्लेऑफच्या बाहेर.

मिलर दुसऱ्या टीमला गेला, कोच टॉकेट गेले, आता फूट कोच. सगळं बदललं, पेटी तोच. विकायचा का?

चौथी_लाइन

विका. कालच विकायला हवा होता.

पेटीची पेटी वाजत नाही हो, भाता फाटलाय. नाव तेवढं भारी राहिलंय.

आकडे बाजूला ठेवा, पॉवर प्लेला (समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना) त्याच्याकडेच बघा. उजव्या सर्कलमध्ये उभा असायचा, आपला डिफेन्समन ह्यूज, त्याच्याकडून पास आला की एक गुडघा जवळपास बर्फाला टेकवून स्टिक अशी वाकवायचा की गोलीला कळायच्या आत पक जाळ्यात. आता काय करतो? तिथेच उभा, पास तोच, पण पक आला की तो थांबवतो, एकदा खाली बघतो, मग पास कुणाला द्यायचा ते शोधतो. तेवढ्यात समोरचा डिफेन्समन मध्ये येऊन झोपतो आणि संपलं. रेग्युलर सीझनला तो अर्धा सेकंद मिळून जातो, प्लेऑफमध्ये कोण देणार?

हे एवढ्यात फ्लोरिडाने स्टॅन्ली कप नेला, त्यात सॅम बेनेटचे १५ गोल, कॉन स्माइथ ट्रॉफी (प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू) त्याला. पगार किती? ४४ लाख आणि वर थोडे. पेटीच्या निम्म्याहून कमी. प्लेऑफचा फॉरवर्ड असा असतो, गोलीच्या अंगावर जाऊन पडणारा.

नवखा_प्रेक्षक

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी दोनच सीझन झाले बघतोय. नो-मूव्ह म्हणजे नक्की काय? आणि तो लागू झाल्यावर त्याची किंमत कमी का होते, खेळाडू तर तोच आहे ना?

कॅपचा_हिशोबनीस

@नवखा_प्रेक्षक राग कसला. नो-मूव्ह म्हणजे त्याच्या परवानगीशिवाय ट्रेड नाही, वेव्हर्सवर (दुसरी कुठलीही टीम फुकट उचलू शकेल अशा यादीत) टाकता येत नाही, मायनर लीगला पाठवता येत नाही. किंमत कमी होते कारण आज ३१ टीम फोन करू शकतात, उद्या त्याने दोनच टीमची नावं दिली की त्या दोघी आपल्याला नाचवणार, पर्याय नाही हे त्यांना माहीत असतं ना. ताजं उदाहरण टोरोंटोच्या मार्नरचं. मार्चमध्ये टोरोंटो आणि कॅरोलिनाचं त्याच्यावरून बोलणं झाल्याच्या बातम्या होत्या, समोरून रांटानेन येणार होता, मार्नरने क्लॉज सोडला नाही, विषय संपला. आता तो कॉन्ट्रॅक्ट संपून फुकट फ्री एजंट व्हायच्या मार्गावर.

पण म्हणून "१ जुलैच्या आत विका" हे जे चाललंय ते मला पटत नाही. घाईने विकणाऱ्याला भाव कोण देतो? तारीख आपल्याला माहितीये तशी बाकीच्या ३१ जणांनाही माहितीये.

आता जरा पैशांचं बघा. गेल्या सीझनला कॅप (एका टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) होती ८ कोटी ८० लाख, त्यात पेटीचा वाटा १३ टक्क्यांच्या वर. येत्या सीझनला कॅप ९ कोटी ५५ लाख, वाटा १२ वर आला. त्यापुढे १० कोटी ४० लाख आणि मग ११ कोटी ३५ लाख जाहीर झालेत, म्हणजे २०२७-२८ ला हाच पगार साधारण १० टक्के. काही न करता कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी हलकं होत जातंय. ८०-८५ पॉइंट्सचा सेंटर (तीन फॉरवर्डच्या लाइनमधला मधला) त्या भावात तेव्हा स्वस्त वाटेल. ४५ पॉइंट्सचा असेल तर मात्र कुठल्याही कॅपमध्ये महागच, ते मान्य.

आणि "थोडा पगार आपण ठेवून घेऊ, म्हणजे चांगला माल मिळेल" म्हणणाऱ्यांसाठी: जास्तीत जास्त निम्मा ठेवता येतो, म्हणजे ५८ लाख, आणि तो एक वर्ष नाही, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत, २०३१-३२ पर्यंत. एकमन-लार्सनच्या बायआउटचे (कॉन्ट्रॅक्ट मोडून सोडल्याचे) ४७ लाखांच्या वर आधीच पुढची दोन वर्षं आपल्या डोक्यावर आहेत. बरं ज्याला आपण पैसे मोजून घरी पाठवला तो दुसऱ्याच उन्हाळ्यात फ्लोरिडाकडून कप डोक्यावर घेऊन नाचत होता, हे विसरायचं ठरवलं तरी विसरता येत नाही.

जुना_प्रेक्षक

@चौथी_लाइन बेनेटचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, पण ते तुमच्याच अंगावर येतंय. बेनेट हा २०१४ च्या ड्राफ्टचा (नवे खेळाडू निवडायची फेरी) चौथा पिक. कॅलगरीत इतकी वर्षं "कधी चालतो कधी नाही" असंच त्याच्याबद्दल बोललं जायचं, तिथल्या चाहत्यांना तो नकोसा झाला होता, आणि एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी तो फ्लोरिडाला दिला, बदल्यात एक दुसऱ्या राउंडचा पिक आणि एक प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा). कॉन स्माइथवाला खेळाडू! तेव्हा कॅलगरीतही कुणीतरी "विका, कालच विकायला हवा होता" असं म्हणालंच असेल.

दुसरी गोष्ट टायलर सेगिनची. २०१३ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टन फायनलपर्यंत गेलं, सेगिनने २२ मॅचमध्ये १ गोल मारला. पेटीसारखाच, एक. त्याचंही नवीन मोठं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा नुकतंच सुरू होणार होतं. बॉस्टनने त्याच उन्हाळ्यात डॅलसला पाठवला आणि पुढच्या सीझनला ३७ गोल, ८४ पॉइंट्स. बदल्यात जे आले त्यात मोठं नाव लुई एरिक्सन. हो हो तोच, ज्याला नंतर आपण ६ वर्षांसाठी वर्षाला ६० लाख दिले. त्या ट्रेडची झळ फिरून आपल्याही दाराशी आली म्हणायची.

आणि सेगिनला बॉस्टनने ज्या पिकवर घेतलं तो पिक त्यांना मिळाला होता फिल केसलला टोरोंटोला देऊन. तोच केसल २०१५ ला टोरोंटोत ६१ पॉइंट्सवर आला, पेपरवाले हात धुवून मागे लागले, १ जुलैलाच (बघा तारीख!) तो पिट्सबर्गला गेला, वर टोरोंटोने त्याच्या पगारातले १२ लाख स्वतःकडे ठेवले. पहिल्याच प्लेऑफमध्ये २४ मॅचमध्ये २२ पॉइंट्स, कप. पुढच्या वर्षी परत कप. आणि पिट्सबर्गकडून तो सौदा करणारा माणूस कोण? जिम रदरफोर्ड. आज आपल्या टीमचे प्रेसिडेंट. पडत्या भावात घेतलेला फॉरवर्ड काय देऊन जातो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. म्हणून मला वाटतं ते सहजासहजी विकायचे नाहीत.

चौथी_लाइन

@जुना_प्रेक्षक काका, तुमचा अभ्यास दांडगा, वाद नाही. पण तुम्ही जिंकलेल्या लॉटऱ्याच मोजताय. हुबर्डोचं पण सांगा की. ११५ पॉइंट्स करून कॅलगरीला आला, १ कोटी ५ लाखांवर ८ वर्षं, आणि पहिल्याच सीझनला ५५ पॉइंट्स. कॅलगरी बिचारं अजून वाट बघतंय परत तो ११५ वाला कधी येतो त्याची. ज्याच्या बदल्यात तो आला त्या कचकने तिकडे लागोपाठ दोन कप उचलले. वाट बघण्याचंही बिल येतं.

शिवाय केसल आजूबाजूला क्रॉस्बी आणि माल्किन असलेल्या टीममध्ये गेला, तिसऱ्या लाइनवर हॅगेलिन-बोनिनोबरोबर मोकळा खेळला, समोरच्यांचे चांगले डिफेन्समन दुसरीकडे गुंतलेले. इथे मिलर गेल्यावर ते सगळे डिफेन्समन कुणाच्या अंगावर? पेटीच्याच. म्हणजे तो सुधारायचा असेल तर दुसरीकडे सुधारेल, इथे नाही.

गोलीच्या_मागे

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये, गुडघा. २०२४ च्या प्लेऑफनंतर त्याने स्वतःच सांगितलं होतं की जानेवारीपासून गुडघ्याच्या टेंडनला सूज होती. तेवढ्या दुखण्यावर मॅच खेळता येतात, पण उन्हाळ्यात पायांचा व्यायाम धड होत नाही, आणि त्याचा शॉट हातातून येत नाही, पायातून येतो, सगळं अंग मागच्या पायावरून पुढे टाकतो तो. चौथी_लाइन ज्याला "थांबतो" म्हणतायत ते मला भीती नाही वाटत, मला वाटतं पायाखाली जोरच नव्हता. यंदाचा उन्हाळा तो कसा घालवतो त्यावर सगळं.

आणि प्लेऑफमध्ये चालत नाही हे तर सरसकट म्हणूच नका. २०२० ला २१ वर्षांचा होता, १७ मॅचमध्ये १८ पॉइंट्स, सेंट लुईस तेव्हाचे चॅम्पियन, त्यांना घरी पाठवलं. दोन्ही प्लेऑफ मिळून ३० मॅच, २४ पॉइंट्स. एकदा फार चांगला एकदा फार वाईट, एवढ्यावर माणसाच्या स्वभावाचं सर्टिफिकेट कसं फाडायचं.

चौथी_लाइन

२०२० ला कोविडच्या बबलमध्ये प्रेक्षक नव्हते 😄 रिकाम्या हॉलमध्ये रियाज सगळ्यांचाच छान होतो

कॅपचा_हिशोबनीस

😄 हे चांगलं होतं

पण एका प्रश्नाचं उत्तर द्या @चौथी_लाइन. पेटी गेला तर ऑक्टोबरमध्ये पहिल्या लाइनचा सेंटर कोण? मिलरच्या बदल्यात हितिल आला, चांगला आहे, पण डोक्याच्या दुखापतींचा इतिहास आहे आणि मार्चमध्ये परत तेच झालं. सूटरने २५ गोल मारले पण त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. ब्लूगर? सेंटर बाजारात मिळत नाहीत, मिळाले तर कोणी सोडत नाही. आणि ह्यूजचं कॉन्ट्रॅक्ट २०२७ ला संपतं हे डोक्यात ठेवा. त्याला "आम्ही दोन वर्षं नव्याने बांधतोय" असं सांगून बघा, बॅग भरायला घेईल.

चौथी_लाइन

सेंटर कोण याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण जानेवारीत खुद्द रदरफोर्डच पेपरला म्हणाले होते की पेटी आणि मिलरचं जमत नाही आणि सगळ्यांना एकत्र ठेवता येईल असा मार्ग दिसत नाही. म्हणजे आपण मिलरला घालवून पेटीला निवडलं. निवडलं ना? मग आता त्याने खेळून दाखवावं. मिलर गेल्यावर निमित्त कुठलं उरलं?

जुना_प्रेक्षक

हे मात्र बरोबर बोललात. निमित्त संपलीत.

फक्त रांटानेनचं एक लक्षात ठेवा. जानेवारीत कोलोराडोने कॅरोलिनाला दिला, तिथे १३ मॅचमध्ये २ गोल, लोक म्हणाले कोलोराडोत मॅकिननच्या जिवावर खेळत होता. मार्चमध्ये डॅलसला गेला, आणि मे महिन्यात त्याच कोलोराडोविरुद्ध सातव्या मॅचच्या तिसऱ्या पीरियडमध्ये हॅटट्रिक. दोन महिन्यांपूर्वीच्या फॉर्मवर भाव ठरवला असता तर?

नवखा_प्रेक्षक

मला आता दोन्ही बाजू पटायला लागल्यात, हे नॉर्मल आहे का

निळी_जर्सी

@नवखा_प्रेक्षक या टीमचा फॅन झालास की हेच नॉर्मल.

सगळं वाचलं. बेनेटचं डोक्यात राहिलं, खरं सांगू तर तेच खुपलं. म्हणून माझं मत असं झालंय की एखाद्या टीमने खरा सेंटर समोर ठेवला, वयाने लहान, आत्ता खेळणारा, तर फोन उचला. पिक आणि प्रॉस्पेक्ट्सच्या टोपलीवर नाही, आणि पगार ठेवून घेऊन तर मुळीच नाही. असा फोन ३० जूनपर्यंत येईल असं वाटत नाही.

तोवर काल बसून त्याचे १०२ पॉइंट्सच्या वर्षीचे गोल बघितले. उजव्या सर्कलमधून, एक गुडघा खाली. चौथी_लाइन म्हणतो तसंच, पक थांबवतच नाही हो तो त्यात.

चौथी_लाइन

लिंक टाक