एचडी ६५० म्हणे बिगिनरचा हेडफोन! (जरा लांबलंय, चहा घेऊन बसा)

घोडबंदरचा_कान:
परवा इथे एकाने लिहिलं, "सेनहायजर एचडी ६५० आता बिगिनरचा हेडफोन झालाय, ज्याला खरंच कान आहेत त्याने सरळ त्याच कंपनीचा महागडा ८०० एस घ्यावा, बाकी सगळं मनाचं समाधान." तिथेच उत्तर देणार होतो पण लिहिता लिहिता वाढत गेलं म्हणून वेगळा धागा.

माझा ६५० २०१४ चा. घेतला तेव्हा घरी अर्धीच किंमत सांगितली होती आणि बायकोला ती अर्धीसुद्धा जास्त वाटली होती. गेल्या वर्षी मलाही हा अपग्रेडचा किडा चावला. आवाज मंद वाटायला लागला, वरच्या सुरांचा भाग गोधडीखाली ठेवल्यासारखा, मी म्हणलं झालं, लोक म्हणतात तो सेनहायजरचा पडदा तो हाच. ८०० एस साठी एफडी मोडायची म्हणून फॉर्मसुद्धा आणला होता. मग एका दुपारी सहज कानावर बसणारे पॅड काढून बघितले तर पार पापड झालेले, आणि आतल्या काळ्या स्पंजला बोट लावलं तर त्याचा चुरा, टेबलावर कारळे सांडावेत तसा. ठाण्यातली हवा, अकरा वर्षांचा घाम, दुसरं काय होणार. पॅड चेपले की ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारी आतली चकती, कानाच्या जवळ येतो, सगळा तोल बिघडतो. नवीन पॅड टाकले आणि जुना आवाज परत आला. एफडी शाबूत.

तेव्हा लाखाच्या वर पैसे घालवायच्या आधी पॅड बदला एवढंच म्हणणं आहे. आणि हो, दुकानात दोन हेडफोन ऐकवतात ना, त्यात जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो. अर्धा-एक डेसिबल पुरतो. दोन्हींच्या आवाजाची लेव्हल सारखी करून न बघता कुणी कुणाला बिगिनर म्हणू नये.

नेरुळ_स्लो:
तो "एकाने" म्हणजे मीच. नाव घेऊन बोला की, घाबरता कशाला.

पॅडचं बरोबर आहे, आनंद आहे, आरती ओवाळू का? पण तुम्ही जुना हेडफोन दुरुस्त केलात, अपग्रेड नाही केलात. माझा मुद्दा वेगळाच होता. ६५० मध्ये सगळे वादक एकाच खोलीत खांद्याला खांदा लावून बसतात. ८०० एस मध्ये ५६ मिलिमीटरचा रिंग ड्रायव्हर कानाच्या पुढे तिरका बसवलाय, त्यामुळे आवाज डोक्यात न राहता समोर मांडला जातो. एका खाजगी बैठकीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, पंधरा वर्षं ऐकतोय. ८०० एस वर पहिल्यांदा कळलं की मध्ये जो खोकला येतो तो गायकाचा नाही, डावीकडे मागे बसलेल्या कुणाचा तरी आहे. पंधरा वर्षं मी उगाच बुवांची काळजी करत होतो.

तुम्ही ऐकलाय का ८०० एस? हो की नाही तेवढं सांगा.

घोडबंदरचा_कान:
एका दुकानात दहा मिनिटं. आणि "स" कानात टोचला. ६ किलोहर्ट्झच्या आसपास टोक आहे, म्हणजे तेवढा पट्टा जास्त मोठा वाजतो, हे सगळ्या जगाला माहितीये.

नेरुळ_स्लो:
ते २००९ च्या मूळ ८०० चं! २०१६ ला एस आला तोच मुळात ते टोक खाली बसवायला आत शोषक घालून. दहा मिनिटं ऐकून निकाल देणारे तुम्ही, आणि लेव्हल मॅचिंगचे धडे आम्हाला.

कळवा_फास्ट:
दोघंही थोर आहात पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. घोडबंदर रोडला राहून ओपन बॅक हेडफोन? त्याच्या कपांची मागची बाजू उघडी असते राव, बाहेरचं सगळं आत येतं. मेट्रो ४ चं काम, डंपर, रात्री साडेअकराला सायलेन्सर काढलेल्या बुलेट. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमात निवासी भागाला रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, ती तुमच्याकडे कोण पाळतं? सीडीची रेंज, म्हणजे सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल म्हणून नाचायचं आणि त्यातली खालची निम्मी रस्त्याला दान करायची.

आणि खिडक्या लावल्या तरी डोक्यावर पंखा आहेच. तुम्ही पंखा चालू ठेवून ऐकता की बंद करून?

घोडबंदरचा_कान:
बंद करून. मे महिन्यात एक नंबरवर.

मंद्र_खर्ज:
एक नंबरवर पंखा जास्त वाईट, हे कुणाच्या लक्षात आलंय का? माझ्या घरचा पंखा फुल असला की नुसता वारा, पण कमी केला की घूं सुरू. वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे ती घूं १०० च्या आसपास लागते, म्हणजे पेटीच्या पांढरी पाच या पट्टीच्या जराशी वर. आता काळी एकला सा लावलेल्या तंबोऱ्यात ही घूं कुठे पडते बघा, तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली. ना धड हे ना ते. मी संध्याकाळी रियाजाला बसले की तो पंखा माझा पंचम खाली ओढतो. गुरूजी म्हणायचे तुझा पंचम उतरतो, मला काय माहित वरून कोण ओढतंय!

वायरमन_वागळे:
ताई तुमचा रेग्युलेटर गोल फिरवायचा, पायऱ्या नसलेला आहे का? तो विजेची लाट मध्येच कापतो म्हणून मोटर गुरगुरते. स्टेपवाला कपॅसिटरचा घ्या, काही शे रुपयांचं काम आहे, घूं बऱ्यापैकी जाईल. नाहीतर सरळ बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, ७५ वॉटच्या जागी तीसेक वॉट.

मंद्र_खर्ज:
बिल्डरने दिलेला गोलच आहे. सोळा वर्षं मी स्वतःच्या गळ्याला दोष देतेय.

नेरुळ_स्लो:
धागा हेडफोनचा आहे. आठवण करून दिली.

कळवा_फास्ट:
नाही दादा, आता पंख्याचा आहे. तीन हजाराचा बीएलडीसी हे तुमच्या लाखाच्या हेडफोनपेक्षा मोठं अपग्रेड आहे हे मान्य करा की विषय संपला.

वायरमन_वागळे:
बीएलडीसीत पण एक गोम आहे. रिमोट हरवला की बोंब. माझ्या सासऱ्यांनी एका ऑनलाइन दुकानातून मागवला, चौदा महिन्यांत आतलं सर्किट गेलं, फोन केला तर म्हणे माणूस आठ दिवसांनी येईल. आठ दिवस? एप्रिलात? म्हातारा माणूस ओला टॉवेल घेऊन झोपला. शेवटी मीच जुना पंखा काढून लावला. घूं करतो पण फिरतो तरी.

नेरुळ_स्लो:
अरे काय चाललंय! सासरे, टॉवेल, रिमोट! एक माणूस गंभीरपणे ड्रायव्हरबद्दल बोलतोय आणि तुम्ही त्याची सोसायटीची मीटिंग करून टाकली. तुमच्यासारख्यांना मोबाईलसोबत येणारे फुकटचे इअरफोनच बरे.

कळवा_फास्ट:
ए "तुमच्यासारख्यांना" कुणाला म्हणतोस? कळव्यात राहतो म्हणून? पामबीचवर फ्लेमिंगो बघत ऐकणाऱ्याला काय कळणार आमचं. माझ्या घराला लागून ट्रॅक आहे, रात्री पावणेदोनपर्यंत काही ना काही जात असतं. मी बंद हेडफोन लावून तशाच खाजगी मैफली ऐकतो आणि रडतोसुद्धा, तुझ्या खोकल्याशिवाय.

घोडबंदरचा_कान:
शांत व्हा. कळवाभाऊ, भागाचा विषय त्यांनी काढला नव्हता, तुम्ही काढलात. पण "तुमच्यासारख्यांना" पण नको होतं.

नेरुळ_स्लो:
बरं, माफ करा. इअरफोन मागे घेतो. बिगिनर पण मागे घेतो, ६५० ला "पदवीधर" म्हणतो, झालं? आणि पंखा मी पण बंद करतो, एसी लावून. त्याचाही आवाज येतो, हे आत्ता लिहिताना पहिल्यांदा नीट ऐकलं, आता डोक्यातून जात नाहीये, त्याबद्दल सगळ्यांचे आभार.

कान साहेब, रविवारी या घरी. तुमचा ६५० आणा, नवीन पॅडवाला. मीटर लावून लेव्हल सारखी करू, डोळे बांधू, माझी मुलगी बदलून देईल. हरलात तर कबूल करायचं.

घोडबंदरचा_कान:
रविवारी ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक निघाला नाही तर येतो. आणि हरलो तरी घेणार नाही, एफडीचा फॉर्म बायकोच्या हाती लागलाय.

मंद्र_खर्ज:
वागळेदादा, स्टेपवाला रेग्युलेटर त्याच जुन्या खाचेत बसतो का? की भिंत फोडावी लागेल?

वायरमन_वागळे:
प्लेटचा फोटो टाका ताई, सांगतो. मेन बंद केल्याशिवाय उघडू नका.