इंटरनेट बंद पडलं की दिवा लागत नसेल तर त्याला स्मार्ट कशाला म्हणायचं?

अर्धा_वायरमन

घरासाठी स्मार्ट दिवे, प्लग, सेन्सर घ्यायचे म्हटलं की जो तो आधी विचारतो ॲप कुठलं चांगलं, रंग किती, बोलून चालू होतो का. मी म्हणतो हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, घरातलं इंटरनेट नसताना ही वस्तू चालते का?

स्वस्तातल्या बऱ्याच वायफाय बल्बचं काय होतं, तुम्ही सोफ्यावर बसून फोनवर बटण दाबता, तो निरोप कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून फिरून परत तुमच्याच घरात येतो आणि मग डोक्यावरचा दिवा लागतो. तो सर्व्हर कायम चालू राहील हे गृहीत धरून आपण भिंती फोडतोय. रिव्होल्व्ह नावाचा हब (घरातल्या स्मार्ट वस्तू जोडून चालवणारा डबा) होता, ती कंपनी २०१४ मध्ये नेस्ट या स्मार्ट वस्तूंच्याच कंपनीने घेतली आणि २०१६ मध्ये हब चक्क बंद करून टाकला, लोकांच्या हातात नुसता डबा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट स्विचच्या कंपनीचे सर्व्हर न सांगता सवरता गेले.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. दिवे, सेन्सर, बटणं झिगबी किंवा थ्रेडवरची (वायफायसारखेच, पण कमी वीज खाणारे रेडिओ) घ्यायची, घरातल्या घरात काम करणारा एक हब ठेवायचा, आणि वायफाय फक्त कॅमेरा-टीव्हीसारख्या जास्त डेटा लागणाऱ्या वस्तूंना. पटत नसेल तर बोला.

साधा_हिशेब

नाही पटत. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. रेडिओ कुठला आणि डोकं कुठे बसलंय, याचा एकमेकांशी काही संबंध नाही. वायफायवर असूनही पूर्ण लोकल चालणाऱ्या वस्तू आहेत की, शेलीचे रिले (वीज जोडणारे-तोडणारे छोटे स्विच) घ्या, लिफएक्सचे बल्ब घ्या, टास्मोटा नाहीतर ईएसपीहोम ही लोकल चालणारी सॉफ्टवेअरं टाकलेलं काहीही घ्या, घरच्या नेटवर्कवर थेट ऐकतात. आणि उलट बाजूने बघा, झिगबीचे असे हब आहेत की इंटरनेट गेलं की त्यांच्यातले निम्मे नियम झोपतात, कारण नियम क्लाउडमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवलेले असतात. मग झिगबी घेऊन काय मिळवलंत?

आणि इन्स्टिऑनचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं राव. सर्व्हर गेले तरी जे स्विच एकमेकांशी थेट जोडलेले होते ते चालतच होते, मेलं ते ॲप. पुढे त्यांच्याच काही ग्राहकांनी मिळून कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर परत सुरू केले हेही सांगा की.

चार बल्ब नि दोन प्लग लावायचेत अशा माणसाला हब घे, डोंगल (झिगबीचा रेडिओ असलेली यूएसबी काडी) घे, मेश (वस्तूंनी एकमेकांचे निरोप पुढे ढकलायचं जाळं) शिक म्हणणं म्हणजे उगाच व्याप वाढवणं आहे.

अर्धा_वायरमन

@साधा_हिशेब, रेडिओ आणि क्लाउड वेगळे, मान्य. पण म्हणून रेडिओने फरक पडत नाही असं नाही. दाराचा सेन्सर घ्या. झिगबीवाला बटनसेलवर वर्ष-वर्ष चालतो कारण तो सगळा वेळ झोपलेला असतो, दार उघडलं की चिमूटभर निरोप टाकून परत झोपतो. वायफायवाला पण झोपतो, पण उठल्यावर राउटरला हुडका, जोडा, पत्ता घ्या, मग बोला, तोवर माणूस अंधारात चार पावलं आत आलेला असतो, आणि सेल खातो तो वेगळाच. शिवाय बल्ब वाढत गेले की साधे राउटर धापा टाकायला लागतात, मग घरचे म्हणतात व्हिडिओ अडकतोय.

चार बल्बवाला माणूस चारवर थांबलेला मला अजून दाखवा.

खटपटी_राणी

दोघांचं चालू द्या, पण झिगबी घेऊन "मेश आहे, आपोआप होतं" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे म्हणून लिहितेय. आपोआप काही होत नाही.

मेशमध्ये निरोप पुढे ढकलायचं काम फक्त कायम विजेवर असलेल्या वस्तू करतात, प्लग, बल्ब, न्यूट्रलवाले (विजेची परतीची वायर जोडलेले) स्विच वगैरे. सेलवरचे सेन्सर ढकलत नाहीत, ते फक्त कुणाच्या तरी आधाराने लटकलेले असतात. आता होतं काय, माणूस वीस सेन्सर घेतो, प्लग एकही नाही, आणि मागच्या खोलीतला सेन्सर सारखा गळतो म्हणून कंपनीला शिव्या देतो. दुसरा प्रकार त्याहून वाईट. स्मार्ट बल्ब लावले, ते रिपीटरचं काम करायला लागले, आणि रात्री कुणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं. बल्ब मेला, त्याच्या आधारावरचे सेन्सर पोरके. काही सेन्सर दुसरा रस्ता शोधतात, काही हट्टी ब्रँडचे शोधतच नाहीत, हाताने परत जोडावे लागतात.

मी आधी हब लावते, मग हबपासून बाहेरच्या दिशेने प्लग, आणि सेन्सर सगळ्यात शेवटी, ते पण ज्या जागी कायमचे बसणार तिथेच नेऊन जोडायचे. टेबलावर सगळं पेअर करून मग घरभर वाटलं की ते टेबलाजवळच्या आधारालाच चिकटून बसायला बघतात.

अजून एक, यूएसबी डोंगल वापरत असाल तर तो कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खुपसू नका. त्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चांगलाच गोंगाट बाहेर पडतो. साधी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल हातभर लांब ठेवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. चॅनेल (रेडिओच्या पट्टीतली जागा, वायफायचे आणि झिगबीचे आकडे वेगळे) पण बघा, वायफाय ११ वर असेल तर झिगबीचे २१ ते २४ त्याच्याच अंगाखाली येतात. वायफाय १ वर असेल तर ११ ते १४. मी वायफाय १ किंवा ६ वर बांधून ठेवते आणि झिगबी २५ वर. २६ काही वस्तूंना झेपत नाही. आणि हे आधी ठरवा, नंतर चॅनेल बदलला की काही वस्तू रुसतात.

साधा_हिशेब

@खटपटी_राणी, एवढं सगळं लिहून तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत बघा. वायफायवर यातलं काय करावं लागतं? पासवर्ड टाकला, संपलं.

खटपटी_राणी

पासवर्ड टाकला संपलं?? फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि बल्बला फक्त २.४ कळतं, दोन्हीचं नाव राउटरने एकच ठेवलंय, आणि ॲप नुसतं गोल गोल फिरतंय, हे दृश्य कुणी पाहिलं नाही असं घर दाखवा. उद्या राउटर बदलला आणि नाव-पासवर्ड तोच ठेवला नाही तर एकूण एक बल्ब रीसेट करत शिडीवर चढा. झिगबीला तुमचा राउटर बदलल्याचं कळतसुद्धा नाही.

उद्याचा_ग्राहक

हा वाद २०२० चा वाटतोय मला. मॅटर, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी बोलायची एकच भाषा, आल्यापासून हे सगळं मिटलंय ना? ऑक्टोबर २०२२ मध्ये १.० आलं, ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे एका पंगतीत. लोकल चालतं, एकच वस्तू एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांच्या ॲपमध्ये घालता येते. खोक्यावर मॅटरचं चिन्ह बघा आणि डोळे मिटून घ्या.

अर्धा_वायरमन

डोळे उघडे ठेवूनच घ्या हो. मॅटर म्हणजे रेडिओ नव्हे. वस्तूंनी आपापसात काय बोलायचं ते मॅटर ठरवतो, कशावरून बोलायचं ते वायफाय, केबल किंवा थ्रेड ठरवतं, ब्लूटूथ लागतं ते पहिल्यांदा जोडताना. खोक्यावर "मॅटर ओव्हर थ्रेड" असेल आणि घरात थ्रेडचा बॉर्डर राउटर (थ्रेड आणि घरचं नेटवर्क जोडणारा डबा) नसेल तर ती वस्तू तुमच्या फोनशी दोन वाक्यं बोलून गप्प बसणार. वायफायवाली असेल तरी कंट्रोलर म्हणून काहीतरी घरात कायम चालू लागतंच, स्पीकर म्हणा, टीव्हीचा डबा म्हणा, होम असिस्टंट (घरच्याच कॉम्प्युटरवर चालणारं हबचं सॉफ्टवेअर) म्हणा. हब नको म्हणून मॅटर घेणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

रात्रपाळी

@उद्याचा_ग्राहक, "सगळं मिटलं" वर हसू आलं. मॅटरमधून बल्बचं चालू-बंद, उजेड, रंग मिळतो. कंपनीने स्वतःचे खास इफेक्ट दिलेत ते पुष्कळदा तिच्याच ॲपमध्ये राहतात. कॅमेरे तर सुरुवातीच्या आवृत्त्यांत नव्हतेच. आणि दोन कंपन्यांचे बॉर्डर राउटर घरात असले की दोन वेगवेगळी थ्रेड नेटवर्कं तयार झालेली मी पाहिलीत, वस्तू एकीकडे, तिला आधार देणारे प्लग दुसरीकडे. हल्ली सुधारतंय, पण जुने डबे आहेत तसेच आहेत.

सुरक्षेसाठी म्हणून वस्तू गेस्ट नेटवर्कवर टाकणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, मॅटर आयपीव्ही६ (नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) आणि घरातल्या घरात एकमेकांना हुडकण्यावर चालतं. गेस्ट नेटवर्क नेमकं तेच अडवतं. फोन एका बाजूला, बल्ब दुसऱ्या बाजूला, आणि माणूस बल्ब बदलून आणतो.

पण माझा खरा आक्षेप धागाकर्त्यावर आहे. घरात होम असिस्टंट, डोंगल, झिगबीटूएमक्यूटीटी (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर), शंभर नियम, हे सगळं फक्त एका माणसाला कळतं. तो गावाला गेला आणि हबचं मेमरी कार्ड उडालं तर घरच्यांनी काय करायचं? क्लाउडवालं ॲप निदान कुणाच्याही फोनवर टाकून चालतं. कंपनी बुडेल ही भीती तुम्ही दाखवता, मला घरातला ॲडमिन बुडायची भीती जास्त वाटते.

अर्धा_वायरमन

@रात्रपाळी, आक्षेप रास्त आहे आणि त्यावर माझं उत्तर हबमध्ये नाहीच, भिंतीवर आहे. भिंतीवरचं बटण हाताने दाबलं की दिवा लागलाच पाहिजे, हब मेला असला तरी. ही अट पाळली की ॲडमिन कुठेही जाऊ दे, घर नेहमीच्या घरासारखं चालतं. कार्डाऐवजी एसएसडी आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर, हे तर करायचंच.

क्लाउडचा सोपेपणा म्हणाल तर २०१६ चं मिराय नावाचं घातक सॉफ्टवेअर विसरू नका, कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे नि राउटर गोळा करून त्यांच्याकडून हल्ले करवले होते. बाहेरून पोचता येणारी वस्तू घरात जितकी कमी तितकी बरी.

साधा_हिशेब

आणि तुमचा दोन वर्षं अपडेट न केलेला हब, ज्याचं पोर्ट बाहेरून दिसावं म्हणून राउटरवर उघडून ठेवलंय, तो सुरक्षित? कंपनी निदान अपडेट पाठवते तरी.

अर्धा_वायरमन

पोर्ट उघडतो तो चूकच करतो, व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा बंदिस्त रस्ता) वापरावा. यावर तुमच्याशी भांडण नाही.

नवशिकी

मी सगळं वाचलं, निम्मं कळलं 🙂 घरी कुणी फोन वापरणार नाही, सगळे भिंतीवरचंच बटण दाबतात. मग बल्ब स्मार्ट घ्यायचा की स्विच? आणि ते झी-वेव्ह पण ऐकलंय, ते कुणीच बोललं नाही.

खटपटी_राणी

@नवशिकी ताई, सगळे बटण दाबणारे असतील तर स्विच. रंग हवेत तिथेच बल्ब, आणि मग त्या बल्बची वीज भिंतीवरून तुटणार नाही अशी सोय करायची, म्हणजे तिथे सेलवरचं वायरलेस बटण नाहीतर दाबला तरी बल्बची वीज न तोडणारा, रिले वेगळा ठेवता येणारा स्विच.

स्विच घेण्याआधी बोर्ड उघडून न्यूट्रल आहे का ते बघून घ्या, म्हणजे मेन बंद करून, नाहीतर माहितगार माणसाकडून बघून घ्या. बऱ्याच बोर्डांत बटणापर्यंत फक्त फेज येते. न्यूट्रल नसलेले स्मार्ट स्विच मिळतात, पण ते स्वतः जिवंत राहायला बल्बमधूनच थोडी वीज ओढतात, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. त्यावर बल्बजवळ एक छोटा कपॅसिटर लावतात, बहुतेक वेळा भागतं. पण असे स्विच सहसा मेशमध्ये रिपीटर होत नाहीत हे धरून चाला.

झी-वेव्ह म्हणजे झिगबीसारखंच आणखी एक रेडिओचं तंत्र, चांगलं आहे, १ गिगाहर्ट्झच्या खाली चालतं, भिंती बऱ्या पार करतं, वायफायशी भांडत नाही. पण फ्रिक्वेन्सी देशागणिक बदलते, युरोपात ८६८ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०८. बाहेरून कुणी आणून दिलेला स्विच तुमच्या हबला दिसणारच नाही. आणि वस्तूंची निवड झिगबीपेक्षा कमी, महागही.

नवशिकी

बोर्ड बघितला, न्यूट्रल दोनच ठिकाणी आहे. म्हणजे तिथे स्विचच्या मागे बसणारं मॉड्यूल आणि बाकी ठिकाणी बटणं असं करू का? मॉड्यूल वायफायचं की झिगबीचं?

साधा_हिशेब

दोनच ना? वायफायचं, लोकल चालणारं. हब लागत नाही.

अर्धा_वायरमन

वायरलेस बटणं घेतायत त्या, ती झिगबीची असणार, म्हणजे हब आलाच. हब आलाच आहे तर मॉड्यूल पण झिगबीची घ्या, तीच दोन बाकीच्यांना आधार देतील.

साधा_हिशेब

बटणं पण वायफायची मिळतात.

खटपटी_राणी

मिळतात, आणि त्यांचे सेल कोण बदलणार तेही सांगून टाका.

रात्रपाळी

@नवशिकी, यांचं चालू दे. झिगबी, वायफाय, मॅटर काहीही घ्या, मॉड्यूल भिंतीत सरकवण्याआधी त्याच्यावरच्या कोडचा फोटो काढून ठेवा, कुठल्या खोलीचं ते फोटोच्या नावातच लिहा. मॅटरचा तो ११ आकडी कोड त्या चिकटलेल्या कागदावरच असतो, आणि कधी रीसेट करायची वेळ आली की स्विच बोर्ड उघडून, टॉर्च तोंडात धरून तो वाचावा लागतो.