कुत्र्यांचे फोटो आणि ‘फक्त मॅन्युअल’चा हट्ट

माळरान (धागाकर्ता): परवा येथे एका सदस्याने लिहिले की, नैसर्गिक प्रकाशात कुत्र्यांचे फोटो काढताना कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर ठेवावा, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवावे: शटर (उजेड आत येण्याचा वेळ) 1/1000 सेकंद, ॲपर्चर (भिंगाचे छिद्र; आकडा लहान तेवढे छिद्र मोठे) एफ/2.8, आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) 400 लावावे आणि पुन्हा हात लावू नये. इतर मोड वापरणारे म्हणे छायाचित्रकारच नव्हेत. हे वाचून नवखे लोक फसतील, म्हणून सविस्तर लिहितो. भर उन्हात एफ/16 ला शटर एक भागिले आयएसओ, हा जुना हिशेब लावून पाहा. आयएसओ 400 आणि एफ/2.8 ला शटर सुमारे 1/12800 लागेल. म्हणजे ते आकडे उन्हात गरजेपेक्षा साडेतीन स्टॉपांहून अधिक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजेड घेतात आणि पांढऱ्या कुत्र्याचा एक केसही दिसत नाही. माझी कारवान जातीची कुत्री चिंचेच्या सावलीतून उन्हात झेप घेते, तेव्हा क्षणात तीन स्टॉपांचा फरक पडतो. तेवढ्यात चकती फिरवणार कोण? मी शटर 1/2000 आणि ॲपर्चर एफ/4 स्वतः ठरवतो आणि आयएसओ ऑटोवर सोडतो.

उजेडवाट: ते लिहिणारा मीच. ते आकडे सूर्य टेकतानाचे आहेत, हे नमूद करायला हवे होते, एवढे मान्य. त्याहून अधिक काही नाही. तुमचा ऑटो आयएसओ कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सांगण्यावर चालतो आणि मीटरला कुत्रा कळत नाही, त्याला समोरचे सगळे मधल्या करड्या छटेत आणायचे असते. माझा काळा कुत्रा हिरवळीवरून पांढऱ्या भिंतीपुढे आला, की ऊन तेच असूनही तुमचा कॅमेरा आयएसओ उतरवतो आणि कुत्र्याचा कोळसा होतो. हिवाळ्यातल्या निरभ्र सकाळी नऊनंतर उजेड बराच वेळ फारसा हलत नाही. तेव्हा मॅन्युअलला पर्याय नाही.

पायरीवरची: काळ्या कुत्र्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या निवाऱ्यात एक काळी कुत्री पाच महिने होती. दत्तक देण्यासाठी काढलेल्या तिच्या फोटोत दुपारचे ऊन, मागे चुन्याची भिंत आणि मधोमध डोळे नसलेला एक डाग. मी तिला व्हरांड्याच्या कडेला, पायरीवर, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवले, उजेड तिच्या केसांवर मोजला आणि भिंत जळू दिली, म्हणजे पांढरी फटक होऊ दिली. तिच्या कानांच्या कडा तपकिरी आहेत, हे मलाही त्या दिवशी प्रथम दिसले. दुसऱ्या आठवड्यात तिला घर मिळाले. काळ्या कुत्र्याला उजेड जास्तच द्यावा, कमी करू नये.

माळरान: घर केवळ फोटोमुळे मिळाले असे कसे म्हणता? आणि ‘जास्तच द्यावा’ हे सरसकट चुकीचे आहे. काळ्या कुत्र्याने चौकट भरली की मीटर आपणहून उजेड वाढवतो आणि काळे अंग राखाडी दिसते. तेथे पाऊण ते एक स्टॉप उतरवावाच लागतो.

पायरीवरची: पाच महिने तिला रोज खाऊ घालणारी मी होते, त्यामुळे कशाने काय झाले हे मला शिकवू नका. राखाडी आले तर रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाईलमध्ये) नंतर उतरवता येते. आधीच कमी घेतलेल्या सावल्या मागाहून उचलल्या की दाणे वर येतात आणि केसांची वीण नाहीशी होते.

माळरान: सावलीत तुमचे बरोबर आहे. उन्हात मात्र काळ्या पाठीवरची चकाकी पांढरी फटक होते आणि ती रॉमधूनही परत येत नाही, हे तुम्हीही मान्य करा.

पायरीवरची: करते. म्हणूनच मी काळ्या कुत्र्याला उन्हात बसवत नाही.

उजेडवाट: मूळ मुद्दा बाजूला पडला आहे. माळरान, धावणाऱ्या कुत्रीसाठी तुमचा 1/2000 योग्यच आहे. सेकंदाला दहा मीटर वेगाने धावणारी कुत्री 1/500 मध्ये दोन सेंटिमीटर सरकते, म्हणजे माझा 1/1000 सुद्धा तिच्यासाठी अपुरा. परंतु भिंतीपुढच्या काळ्या कुत्र्याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.

माळरान: भिंतीपुढे मी आयएसओही स्वतःच लावीन, हे उत्तर. चिंचेखाली मात्र लावणार नाही. तुम्ही परवाच्या लेखनात ‘सूर्य टेकताना’ हे शब्द घाला, म्हणजे माझी तक्रार उरणार नाही.

उजेडवाट: घातले आहेत. ‘छायाचित्रकारच नव्हेत’ हे वाक्यही काढले आहे.